वहिनीची चकती

४ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

अभिनंदन. हे आधी लिहून टाकते, नाहीतर पुढच्या ओघात राहून जाईल आणि तू म्हणशील, नणंदेच्या तोंडून एक गोड शब्द निघाला नाही.

काल बाबांचा फोन आला. एरवी फोन मीच करायचा असतो, त्यामुळे घाबरले. "काय झालं बाबा?" तर म्हणाले, "अगं, आपल्या सूनबाईची चकती वीज वाहायला लागली!" आणि मग कान दुखेपर्यंत चकती. मला फ्युएल सेल समजावून सांगत होते. मला! "हे बघ, सिरॅमिकचे पातळ थर एकमेकांवर. एका अंगाला हवा, दुसऱ्या अंगाला इंधनाचा वायू, मधून वीज निघते. इंधनाच्या बाजूचा थर म्हणजे ॲनोड. तो आजवर निकेल घालून करतात. पण निकेलवर काजळी धरते, आणि सेल बंद-चालू केला की थर तडकतो. म्हणून नुसत्या सिरॅमिकचा ॲनोड हवा. आता सिरॅमिक कुठलं वीज वाहतंय? तर आपल्या सूनबाईचं वाहतं!"

मी म्हटलं, "बाबा, मी इतकी वर्षं निकेलचेच ॲनोड करतेय हो." तर म्हणाले, "हो हो, ते आता जुनं झालं." असं म्हणतं का गं कोणी पोटच्या पोरीला?

जन्मभर इन्सुलेटरच्या कारखान्यात भट्टी सांभाळली त्यांनी. खांबावरची पांढरी वाटी वीज अडवते की नाही, एवढंच बघितलं. भट्टीच्या भोकातून आत बघून उजेडाच्या रंगावरून तापमान सांगायला त्यांनी मला शिकवलं होतं, दादाला नाही. आता ते संध्याकाळी तुझ्या लॅबमध्ये येऊन बसतात म्हणे. दादा सांगत होता, तू त्यांच्यासाठी खुर्चीसुद्धा ठेवलीयस. उशी घातलेली.

असो. आकडा नक्की काय आहे? बाबा चाळीस म्हणाले. हवेत भाजलेल्या टायटनेट सिरॅमिकची वाहकता सेंटिमीटरला चाळीस सिमेन्स? मला आश्चर्य वाटलं. आश्चर्यच, दुसरं काही नाही. तारा कशाने चिकटवल्यास? चांदीची पेस्ट असेल तर जपून, तापली की ती सरकते आणि चकतीऐवजी चांदीच वीज वाहते. वायू कुठला दिलास? शक्य असेल तर दोन चकत्या मला पाठव. आमची भट्टी सध्या रिकामीच आहे.

ऑक्टोबरात अनुदानाची समिती बसणार आणि दोनपैकी एकच काम पुढे नेणार, तुझं नाहीतर माझं. हे तुलाही ठाऊक, मलाही. याबद्दल आपण अजून एक अक्षर बोललो नाही, यावरून आपण किती शहाण्या आहोत ते दिसतं.

फोन मुद्दाम करत नाही. फोनवर आपण दोघी एकदम बोलतो आणि मध्ये दादाचं "काय म्हणतेय ती?" चालू असतं. कॉलेजच्या सुट्टीत लिहायचो तशी पत्रंच बरी.

तुझी,
नणंद


१३ ऑगस्ट

वन्सं,

(दात-ओठ खा. तुला ही हाक आवडत नाही म्हणूनच मारते.)

अभिनंदन पोचलं. त्याला चिकटून आलेले चौदा प्रश्नही पोचले. तुझं पत्र वाचून तुझा दादा म्हणाला, "ही शुभेच्छा देतेय की उलटतपासणी घेतेय?" मी म्हटलं, नणंदेला दोन्ही एकदम जमतं.

उत्तरं घे. चांदी नाही. प्लॅटिनमची पेस्ट, प्लॅटिनमच्याच चार तारा. बाहेरच्या दोन तारांतून वीज सोडायची, आतल्या दोनांवर मोजायचं, जसं तूच मला शिकवलंस. वायू मिथेन. कारण घरात येणारा गॅस सरळ सेलला देता यावा हेच तर सगळ्यांना हवंय. हायड्रोजनमध्ये सगळेच शूर असतात.

आणि खरी गंमत ऐक. पहिल्या दिवशी आकडा सहा होता. दुसऱ्या दिवशी अकरा. मी घाबरून हातच लावला नाही कशाला. आठवडा संपेपर्यंत चाळीसच्या वर! चकती जणू हळूहळू जागी होत गेली. बाबा रोज आल्या आल्या विचारायचे, "आज किती?" मी सांगायची आणि ते टोपी काढून मांडीवर ठेवायचे. आजवर माझ्या कामात कोणी असा जीव टाकला नव्हता. माझ्या माहेरी तर मी कपबशांच्या कारखान्यात आहे असं समजतात.

खुर्चीची उशी तुला खुपली हे कळलं. त्यांची पाठ दुखते, म्हणून घातली. तुला हवी तर तुलाही पाठवते.

चकत्या सोबतच्या डबीत आहेत, कापसात. त्याच घाण्यातल्या. मोज आणि बघ. मला लपवायचं काय आहे?

समितीबद्दल तू लिहिलंस म्हणून मीही लिहिते. माझं कंत्राट डिसेंबरात संपतंय. तुझी नोकरी पक्की आहे. हे विसरू नकोस, एवढंच.

तुझी,
वहिनी


६ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

बातमी चांगली नाही. उभ्या उभ्या वाचू नकोस.

दोन्ही चकत्या मोजल्या. तू केलंस तसंच सगळं, प्लॅटिनम, चार तारा, तेच तापमान. फक्त वायू हायड्रोजन दिला, थोडी वाफ मिसळून. आकडा आला चार. दुसऱ्या चकतीचाही चारच. दिवसभर ठेवलं तरी चाराचे साडेचार होईनात.

मग मी विचार केला की मिथेनमध्ये तो चढत का जातो. वहिनी, सिरॅमिक जागंबिगं होत नाही. मला वाटतं ती काजळी आहे. मिथेन तापून फुटतो आणि त्यातला कार्बन चकतीवर बसतो. कार्बनमधून वीज मजेत जाते. तुझ्या तारा चकती मोजत नाहीयेत, चकतीवरची काजळी मोजतायत. टायटनेटवर एवढी काजळी धरत नाही हे मलाही माहीत आहे. पण तुझी भट्टीतली नळी आठव. मी तिथे होते तेव्हा वर्षानुवर्षं त्याच नळीत निकेल तापलंय. त्याचा अंश कुठे ना कुठे उरणारच, आणि निकेल असलं की काजळीला आवतण लागत नाही.

हे माझ्या तोंडून ऐकायला तुला कसं वाटेल ते मला कळतं. पण समितीपुढे दुसऱ्या कोणी विचारण्यापेक्षा घरच्या माणसाने सांगितलेलं बरं. चार हा आकडा वाईट नाही, पण चाळीसच्या पुढे तो केविलवाणा दिसणार. तू माघार घेतलीस तर कोणी नावं ठेवणार नाही.

बाबांना मी काही बोलले नाही. तूच सांग. हळूहळू सांग.

चकत्यांबद्दल बाकी काही विशेष नाही.

तुझी,
नणंद


११ सप्टेंबर

ती. सौ. वन्सं यांस,

आपलं पत्र मिळालं. आपण घेतलेल्या तसदीबद्दल आभारी आहे.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. "बातमी चांगली नाही" असं लिहिताना तुम्ही हसत होतात, हे मला तुमच्या अक्षरावरून कळतं. एका वर्गात बसून शिकलोय आपण. तुम्हाला मनापासून वाईट वाटतं तेव्हा तुमचं अक्षर गिचमिड होतं. हे पत्र अगदी मोत्यांसारखं होतं.

चकत्या पार्सलात आदळल्या असतील, तडा गेला असेल, तुमच्या भट्टीचं तापमान दहावीस अंशांनी खोटं असेल. शंभर गोष्टी असतात. तुम्हाला मात्र एकच दिसली, आणि तीही तुमच्या सोयीची. "माघार घे." किती सहज! म्हणजे एकच प्रकल्प उरेल आणि तो कोणाचा, ते सांगायला ज्योतिषी नको.

तुम्ही जिथे जाल तिथे पहिल्या. कॉलेजात पहिल्या, या लॅबमध्ये होतात तेव्हाही पहिल्या. मी तुमच्या मागच्या बाकावरची. तुमच्या घरात आले तरी तेच. मी भट्टी लावली की बाबा म्हणतात, "माझी लेक असती तर एवढ्यात दार उघडलं नसतं." मी चकती दाबली की म्हणतात, "तिचा हात हलका होता." रोज, वन्सं! उशीच्या खुर्चीत बसून रोज तुमचंच नाव. एकदा, फक्त एकदा, त्यांनी फोन उचलून माझं नाव घेतलं, तर तेही तुम्हाला सोसलं नाही.

बाबांना मी काहीही सांगणार नाही. तुम्हीही सांगू नका.

समितीत भेटू.

आपली,
वहिनी


१४ सप्टेंबर

वहिनी,

बाबा तुझ्यासमोर माझं नाव घेतात हे मला माहीत नव्हतं. माझ्याशी बोलताना ते फक्त तुझंच घेतात.

एवढंच लिहायचं होतं. मोजमापाबद्दल माझं म्हणणं तेच आहे. एकदा हायड्रोजनमध्ये मोज. माझ्यावर रागाव, पण मोज.

नणंद


१२ ऑक्टोबर

वन्सं,

झालं तुमच्या मनासारखं.

समितीपुढे त्या उंच इंजिनिअरला प्रश्न पढवून पाठवलात, छान केलंत. स्वतः उठून विचारायची तरी हिंमत दाखवायची होती. मी पाहत होते. तुमच्या मांडीवर कागद होते. तुम्ही अर्धवट उठलात, मग मागे वळून बघितलंत आणि बसलात. आणि पुढच्याच मिनिटाला तो उठला. "मॅडम, हा आकडा रोज चढतोय, तर तो थांबतो कुठे? हायड्रोजनमध्ये मोजलाय का?" अगदी तुमचे शब्द. "जे चढतच जातं ते बहुधा वरून काहीतरी बसत असतं." हेही तुमचंच असणार.

मी म्हटलं, "ते काम चालू आहे." सभागृहात कोणीतरी खाकरलं. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. तेवढ्या शांततेत मागच्या रांगेतून टाळ्या. एकट्या माणसाच्या. बाबांना वाटलं, माझं बोलणं संपलं.

तुमचा दादा त्यांना घेऊन आला हे मला ठाऊक नव्हतं. ठेवणीतला कोट घालून आले होते. घरी जाताना गाडीत बाबांनी विचारलं, "तो उंच माणूस काय म्हणत होता गं?" मी म्हटलं, "काही नाही, शंका होती." ते म्हणाले, "शंका असतातच. माझी लेक बसली होती ना पुढे, तिला विचारायचं. तिने सांगितलं असतं त्याला."

तुम्ही सांगितलंच असतं.

आता डिसेंबरनंतर मी घरीच असेन. बाबांच्या पाठीला शेक देत.

वहिनी


२० ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

आठ दिवस हे पत्र लिहून फाडतेय. अक्षर गिचमिड आहे, तेवढ्यावरून काय ते ओळख.

त्या इंजिनिअरला मी ओळखत नाही. तो सेलच्या प्लेटा बनवणाऱ्या कारखान्यातून आला होता आणि त्याने मलाही बोलून हैराण केलं. माझ्या निकेलबद्दल विचारलं, "बंद-चालू किती वेळा सोसतं?" मी आकडा सांगितला तर हसला. तेव्हा तू बाहेर गेली होतीस, त्यामुळे तुला ते सुख मिळालं नाही.

मी उठले होते हे खरं. तुला उघडं पाडायला उठले होते. कागदावर तुझे चार आणि तुझे चाळीस शेजारी शेजारी काढून आणले होते, लाल शाईत. मागे वळले ते दार वाजलं म्हणून, तर दादाने बाबांना आत आणलं. बाबांनी मला बघून हात वर केला, शाळेच्या कार्यक्रमाला आल्यावर करायचे तसा. कागद पालथे केले. बसले. माझ्यात चांगुलपणा जागा झाला असं समजू नकोस. बाबांसमोर वाईट दिसायचं नव्हतं, एवढंच.

पण ज्याच्यासाठी लिहितेय ते हे नाही.

माझ्या सप्टेंबरच्या पत्रात मी खोटं काही लिहिलं नाही. अर्धं लिहिलं. "बाकी काही विशेष नाही" असं लिहिलं, आणि विशेष होतं ते तिथेच होतं.

चार आल्यावर मला इतका आनंद झाला की मी त्या चकतीला छळायला घेतलं. म्हटलं, हिचा पुरता निकाल लावू. हायड्रोजन बंद करून हवा सोडली. आकडा पडला, पडणारच. परत हायड्रोजन दिला आणि बघत बसले. हळूहळू चढत आकडा बरोब्बर चारावर येऊन थांबला. परत हवा. परत हायड्रोजन. परत चार. मी हे आठवडाभर करत राहिले, वहिनी, अक्षरशः दात खाऊन. भट्टी एकदम बंद केली, एकदम चालू केली. माझ्या निकेलचा एव्हाना भुगा झाला असता. ते हवेत फुगतं आणि तडकतं, आणि त्याला हे सोसवावं म्हणून मी माझी उमेदीची वर्षं घातली, तरी जमलं नाही. तुझी चकती बाहेर काढली तेव्हा तिच्यावर केसाएवढी चीर नव्हती. टेबलावर टाकली तर खणकन् वाजली. फुटलेल्या भांड्याचा आवाज बाबांनी मला ओळखायला शिकवलाय. ही अखंड होती.

मला रडू आलं. आणि मग मी तुला मोत्यांसारख्या अक्षरात पत्र लिहिलं.

चाळीस मिळाले असते तर कदाचित मी सोसलं असतं. चाळीस म्हणजे नशीब. पण जे मला येत नव्हतं नेमकं तेच तुझ्या चकतीला येत होतं, तेही तुला ठाऊक नसताना. तू चाळीसच्या मागे धावतेयस आणि खरा ठेवा तुझ्या डबीत, हे फक्त मला माहीत होतं. मला ते तसंच राहू द्यायचं होतं.

चार पुरतात, वहिनी. थर पातळ केलास आणि त्याच्यामागे वीज गोळा करायला जाळी दिलीस तर चारावर सेल चालतो. हे मी समितीला लिहून कळवलंय. सगळे आलेख, हवा आणि हायड्रोजनच्या सगळ्या फेऱ्या, माझ्या सहीनिशी. काल टपालात टाकलं. त्याची एक प्रत सोबत आहे. यातून माझ्या कामाचं काय होणार ते मला कळतं. मन मोठं झालंय अशातला भाग नाही. पेटीत टाकल्यावर परत हात घालून काढावं असं वाटलं होतं. पेटीचं तोंड अरुंद होतं.

नणंद


८ डिसेंबर

वन्सं,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला एवढे दिवस लावले. द्यायचंच नाही असं ठरवलं होतं. तुझा दादा रोज विचारायचा, "तिला लिहिलंस?" शेवटी म्हणाला, "तुम्ही दोघी एकमेकींशी बोलत नाही तेव्हा घरात जास्त आवाज होतो."

आभार मानणार नाही. जे माझंच होतं ते तू मला परत दिलंस, त्याचे आभार कसले?

पण तू सांगितलंस म्हणून मीही सांगते. समितीपुढे मी उभी राहिले तेव्हा मला माहीत होतं.

तुझं १४ सप्टेंबरचं चार ओळींचं पत्र आलं, त्यात "रागाव, पण मोज" होतं. तू कधी अशी विनवणी करत नाहीस. मी बाबांना त्या दिवशी लॅबमध्ये येऊ दिलं नाही. नवीन नळी बसवली, हायड्रोजन दिला, मोजलं. चार. मग आधीची मिथेनमधली चकती काढून तारांच्या मधल्या जागेवर बोट फिरवलं. बोट काळं. नखात गेलेली ती काजळी दोन दिवस निघत नव्हती. बाबांनी विचारलं, "हे काय गं?" मी म्हटलं, "पेन फुटलं."

तरी मी चाळीस दाखवले. मोजलेला आकडा होता, खोटा नव्हता, असं स्वतःला सांगत राहिले. कंत्राटाचं कारण आहेच, पण तेवढंच नाही. तू बरोबर होतीस. परत तूच बरोबर होतीस, हे तोंडाने कबूल करण्यापेक्षा चारचौघांत फजिती झालेली मला परवडली. तू पत्रात "माघार घे" लिहिलं नसतंस तर कदाचित घेतली असती.

तेव्हा आपण सारख्याच.

बाबांना सगळं सांगितलं. काजळीचंसुद्धा. त्यांनी चकती मागितली, नखाने वाजवली, कानाशी धरली. म्हणाले, "चांगली भाजलीय." माझ्या मनात आलं, आता तुझं नाव घेणार. घेतलं नाही. मला वाटलं होतं तेवढा आनंद त्यानेही झाला नाही.

आता निकाल. समितीचं पत्र काल आलं, तुलाही आलं असेल. तुझं निकेलचं काम मार्चअखेर बंद. माझ्या चकतीला दोन वर्षं, पण अट घातलीय. वाहकतेचं सगळं मोजमाप "या विषयातील अनुभवी व्यक्तीकडून" व्हायला हवं. खाली कंसात तुझं नाव. माझ्यावर विश्वास नाही असं स्पष्ट न लिहिता त्यांनी तेवढंच लिहिलंय.

म्हणजे तू इथे यायचंस. जागा आहे, टेबल आहे, पगार आता आहे त्यापेक्षा जरा कमी. प्रमुख मी आहे. हे बदलणार नाही आणि मी बदलूही देणार नाही. येणाऱ्या लेखावर माझं नाव पहिलं, तुझं दुसरं. चार वाढवायचे आहेत. टायटनेटमध्ये अजून काय मिसळावं याची माझी एक कल्पना आहे. ती तू आल्याशिवाय सांगणार नाही, कारण सांगितली तर आधी करून मोकळी होशील.

ये. मला तू नको आहेस, पण तुझ्याइतकं नीट मोजणारं दुसरं कोणी नाही.

तुझी,
वहिनी


२० डिसेंबर

प्रिय वहिनी,

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. तुझा नाही, माझाही नाही.

तुझं पत्र वाचून आधी ते टेबलावर आपटलं. "पगार जरा कमी" हे वाचून नाही, "नाव दुसरं" हे वाचून. मग खाली जाऊन रस्त्याला एक फेरी मारून आले. परत वाचलं. परत आपटलं. आमच्या इथली साफसफाईची बाई म्हणाली, "कोणाचं पत्र आहे हो एवढं?" मी म्हटलं, "वहिनीचं." ती म्हणाली, "मग बरोबर."

इथलं आवरायला घेतलंय. निकेलचे जुने नमुने डब्यांत भरले. तडकलेले जास्त, धड थोडे. फेकवत नव्हते. शेवटी एकच ठेवला, तोही तडकलेलाच. माझ्या सहकाऱ्याने विचारलं, "तू स्वतःच ती आकडेवारी पाठवलीस? का?" त्याला काय सांगू? म्हटलं, घरचं प्रकरण आहे.

येते. तुझ्या अटी मान्य. माझीही एक. मोजमाप मी करणार तर आकडा मी सांगेन तोच. तो चार असला तर चार आणि तीन असला तर तीन. मला आवडो न आवडो, तुला आवडो न आवडो. आणि हे आत्ताच सांगून ठेवते, तुझी ती कल्पना खरी निघाली आणि माझ्याच हातांनी मोजताना आकडा दहावर गेला, तर त्या वेळी माझ्या चेहऱ्याकडे बघू नकोस. आकडा मी बरोबर सांगेन. चेहऱ्याची हमी देत नाही.

मत्सर सोडून येतेय असं लिहायचा विचार होता. पण तुला अक्षरावरून कळलं असतं. तो बरोबर येतोय. तुझाही तिथे असेलच, दोघांची ओळख जुनी आहे.

काल बाबांना फोन केला. म्हटलं, "बाबा, मी तिकडे येतेय. वहिनीच्या लॅबमध्येच काम करणार." आधी नुसता आनंद. कुठली गाडी, किती सामान, कोणती खोली. मग जरा थांबून विचारलं, "मग तुमच्यात मोठी कोण? म्हणजे, कागदोपत्री?"

मी म्हटलं, "वहिनी. मी तिच्या हाताखाली."

बाबा हळूच म्हणाले, "बरं."

वहिनी, त्या एका शब्दात त्यांना माझ्यासाठी किती वाईट वाटलं, ते मला इथे बसून ऐकू आलं. आणि तुझ्यापासून आता काय लपवू, मला फार बरं वाटलं.

तुझी,
नणंद